काउंट नॉर्मल

३ जानेवारी, बीड
अनूचा दात पडून तिसरा दिवस. रक्त थांबेना. उशीची खोळ दोनदा बदलली. आठ वर्षांची पोर, तोंडात कापूस धरून पाढे लिहीत बसलीय. पुण्याचा रिपोर्ट परवा.

५ जानेवारी
आला. प्लेटलेट भरपूर. एकमेकींना धरायला त्यांना हातही आहेत. पण जखम झाली, हात उघडा, हा निरोप पेशीच्या आत पोचवणारं प्रथिनच बिघडलेलं. डॉक्टर म्हणाले, आईकडून एक आणि वडिलांकडून एक, दोन्ही जनुकं खराब आली की असं होतं. मग विचारलं, "नात्यात लग्न?" हो. नवरा माझ्या सख्ख्या आत्याचा मुलगा.

पाच वर्षं लॅबमध्ये तिचं रक्त मीच तपासलं. दर वेळी काउंट नॉर्मल, खाली माझीच सही. नुसत्या मोजत बसले. त्या काम करतात का, हे बघायचं सुचलंच नाही. लाज वाटते.

९ जानेवारी, नेकनूर
धाकटी बहीण रूपा माझ्याच दिराला, संतोषला, द्यायचं चाललंय. पुन्हा तेच घर. म्हटलं, आधी दोघांचं रक्त तपासू. आत्या, म्हणजे सासूबाई, भाकरी थापता थापता, "तुज्या पोरीला रोग हाय म्हनून समद्यायला सुया टोचायच्या का? तूच लिहून दिलतं न्हवं नार्मल?"

हे मोबाइलमध्ये डोकं घालून. बाप म्हणे.

१६ जानेवारी
रूपा कुणाला न सांगता लॅबवर आली, बाही वर करून बसली. संतोषला फोन केला. "वैनी, मी काय आजारी हाय का?" त्यानं ठेवला.

११ फेब्रुवारी
रूपाचा रिपोर्ट. एक जनुक खराब. तिला स्वतःला त्रास नाही. पण संतोषचंही तसंच निघालं तर दर बाळंतपणाला चारात एक शक्यता, मूल अनूसारखं होण्याची. तो सुई लावून घेत नाही ते नाहीच. त्यांच्याकडे साखरपुड्याला मंडप कुठला, यावर मात्र दोन दिवस चर्चा.

१५ फेब्रुवारी
साखरपुडा उद्या. रूपाला म्हटलं, मोड. ती चिडली नाही. "ताई, तुला आदी कळलं असतं, तर तू दाजींना न्हाई म्हनली असतीस?"

अनू तिथंच होती. आज नाकातून येतंय. कापूस भिजला म्हणून माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मी नवा घातला. रूपा माझ्या तोंडाकडे बघत होती. अनूपण.