हरिदादांना कचराकुंडीमागे बसवण्याबाबत

ती. हरिदादांस,

जयपूरहून सुवर्णाचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा जमला तेवढाच वाकून). तुमची शुगर, वहिनींचे गुडघे आणि निवृत्तीला सहा वर्षं होऊनही न सुटलेली तुमची हेडमास्तरकी, तिन्ही ताब्यात असतील अशी आशा आहे. आम्ही राजा पार्कात ठीक आहोत. फोन सोडून हे पत्र कशाला, असं मनात आलं असेल. फोनवर तुम्ही बोलता आणि मी "हो दादा" म्हणते. पत्रात मधे बोलायची सोय तुम्हाला नाही, एवढंच कारण.

विषय तुमच्या धाकटीचा, आपल्या शमिकाचा. "मुलगी फोन उचलत नाही, चाचणीचे गुण उतरताहेत, तू तिथे राहून काय करतेस?" हा तुमचा निरोप आला त्याच दिवशी मी ई-रिक्षा करून गोपालपुऱ्याला तिच्या मेडिकल कोचिंगच्या हॉस्टेलवर गेले. तिथल्या वॉर्डनबाई म्हणाल्या, "मॅडमजी, बच्ची बिलकुल ठीक है. टाइम पे खाती है. बस, बोलती नहीं." दादा, पेपर तुम्हीही वाचता आणि मीही. कोचिंगच्या मुलांच्या कुठल्या बातम्यांपाशी आलो की आपण घाईने पान उलटतो, ते लिहायला नको. त्या "बोलती नहीं"ने मला दीड महिना पेपर उघडू दिला नाही. (तुम्हाला मात्र मी "बघते, बघते" म्हणत राहिले. त्याबद्दल रागवायचं ते एकदम शेवटी रागवा, अजून बरंच आहे.)

दर रविवारी तिला घरी आणायला लागले. थालीपीठ झालं, पुरणपोळी झाली. ती निमूट जेवायची, स्वतःचं ताट घासायची आणि लॅपटॉप उघडून बसायची. तिसऱ्या रविवारी मात्र मला राहवेना. "शमू, काय झालंय ते सांग की गं!" असं मी जवळजवळ ओरडलेच. तिने शांतपणे लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "आत्या, तू आधी हे खेळ. एकच मोहीम. सगळ्यांना जिवंत परत आण. मग सांगते."

आता हा खेळ काय ते सांगते, कारण तुमच्या जिवाचा त्याच्याशी थेट संबंध आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वीचा, ठोकळ्या-ठोकळ्यांच्या चित्रांचा खेळ. परग्रहावरचे लोक एका शहरात उतरलेत आणि आपले चार शिपाई विमानातून तिथे गेलेत. आधी आपली पाळी: प्रत्येकाला मोजकी पावलं चालवायचं, गोळी झाडायची किंवा पहाऱ्यावर बसवायचं. मग त्यांची पाळी, तेव्हा आपण हात बांधून बघायचं. घाई अजिबात नाही. विचार करायला तास घेतला तरी शत्रू तसाच उभा राहतो (आमच्या विद्यापीठातल्या बैठकांत हा सभ्यपणा नाही). मेलेला शिपाई मात्र मेला, तो पुन्हा येत नाही. आणि शिपायांना आपल्याला हवी ती नावं देता येतात. शमिकाने दिली होती: तुम्ही, तुमचे जावई देवेंद्रराव, मी आणि ती स्वतः.

पहिल्या पाळीलाच माझी पंचाईत झाली. आधी कोणाला चालवायचं? दादा, आपल्या घरात तुमच्याआधी कोणी पाटावर बसलेलं नाही, मग शहरात कसं शिरेल? मी मान म्हणून तुम्हाला पुढे धाडलं, तेही एक-दोन पावलं नव्हे, होती-नव्हती ती सगळी पावलं वापरून. तुम्ही ऐटीत चौकाच्या मधोमध जाऊन उभे राहिलात. तिथे एक कचराकुंडी होती. शमिका म्हणाली, "आत्या, पप्पांना तिच्या आड बसव." मी म्हटलं, "अगं, हेडमास्तरांना कचराकुंडीमागे?" तोवर पलीकडची पाळी आली आणि तुम्ही गेलात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. शमिकाने खेळ नव्याने सुरू केला आणि म्हणाली, "आता कळलं ना? मोकळ्यावर कोणीच उभं राहायचं नाही. वय विचारत नाहीत ते."

दुसऱ्या वेळी तुम्हाला कुंडीमागे बसवलं (क्षमस्व), पण देवेंद्ररावांचं काय करणार? जावयाला "वाका" कोणत्या तोंडाने सांगायचं? तुमच्या थोरल्या लेकीच्या, कादंबरीच्या लग्नात फेटा घसरला म्हणून ते दीड तास रुसले होते. तेव्हा सगळ्यांत भारी बंदूक देऊन त्यांना भिंतीपासून दोन हात लांब, प्रशस्त जागी उभं केलं. गेले. मग त्यांच्या मदतीला, मी बटण दाबायच्या आत, तुम्हीच कुंडीमागून उठलात. खेळात भेदरलेला शिपाई कधीकधी स्वतःच्या मनाने पळत सुटतो. तुम्ही मात्र भेदरून पुढे पळालात, आणि गेलात. शमिका म्हणाली, "बघ, इथेही ऐकत नाहीत." महिन्याभरात ती हसली ती तेव्हाच, आणि मी तुमच्या मरणावर इतकी खूश होईन असं मला कधी वाटलं नव्हतं.

तिसऱ्या वेळी तिने मला नवशिक्यांसाठीचे चार धडे वहीत लिहून घ्यायला लावले (तीस वर्षं इतिहासात लढाया शिकवणाऱ्या बाईला!). दोघं हलले तर दोघांनी पहाऱ्यावर थांबायचं. पाळी संपत आली असताना नवा कोपरा उघडायचा नाही, कारण तिथे कोण बसलंय ते कळेपर्यंत आपले हात बांधलेले असतात. जखमी माणसाला शूरपणा करायला लावायचा नाही. आणि गोळी लागायची शक्यता नव्वद टक्के दाखवली, तरी ती चुकणार असं धरूनच पुढचं ठरवायचं. मी म्हटलं, "नव्वद म्हणजे लागणारच की." ती म्हणाली, "गोपालपुऱ्यातल्या सगळ्या क्लासच्या बोर्डांवर तेच लिहिलंय आत्या." एवढं बोलून तिने वहीचं पान उलटलं. माझा हात बटणावर तसाच राहिला. पुढचा प्रश्न विचारू की नको, याची भीती परग्रहावरच्या कोणापेक्षाही मोठी होती. विचारला नाही. ती मोहीम अर्थातच बुडाली.

गेल्या रविवारी दुपारी चौथी वेळ. निम्मं शहर पार केलं आणि पुढून सहा जण आले. आपल्या एकाला जखम झाली. तरी मी आणखी पुढे जायला निघाले. तेव्हा शमिका हळूच म्हणाली, "आत्या, विमान मागेच उभं आहे."

"म्हणजे? परत जायचं? हरायचं?"

"मोहीम हरायची. तुला मी जिंकायला कुठे सांगितलं होतं? जिवंत आण म्हटलं होतं."

पाच पाळ्या लागल्या दादा, एकेक पाऊल मागे. एक जण चालायचा, बाकीचे पहाऱ्यावर. सगळे जिवंत परतले. पडद्यावर लाल अक्षरांत 'मोहीम अयशस्वी' आलं आणि आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. मग ती बोलली.

तर असं आहे. वहिनींना नमस्कार. तब्येतीला जपा.

तुमची धाकटी बहीण,
सुवर्णा

ता. क. ती काय बोलली ते वर लिहायचा धीर झाला नाही. महिनाभर ती वर्गात गेलेली नाही. सकाळी दप्तर घेऊन निघायची आणि सेंट्रल पार्कात बाकावर बसायची. तिला डॉक्टर व्हायचं नाही. पहिल्या वर्षी सांगायची हिंमत नव्हती, दुसऱ्या वर्षी तुम्ही फीचा हप्ता भरून मोकळे झाला होतात. तिला संख्याशास्त्र शिकायचंय. सध्या ती माझ्याकडेच राहते, जेवते आणि बोलते. इतकं बोलते की तुमचीच मुलगी आहे याबद्दल शंका उरली नाही.

ता. क. २. तुम्ही शनिवारच्या गाडीचं तिकीट काढलंय असं वहिनींनी कळवलं. येऊ नका म्हणायची माझी छाती नाही. या. पण दारात आल्यावर पहिली पाळी तिची. ती थांबेपर्यंत तुम्ही पहाऱ्यावर. दादा, उभ्या आयुष्यात तुमच्याकडे एवढंच मागते आहे.

ता. क. ३. लपवून ठेवणं बरं नाही म्हणून लिहिते. सगळे जिवंत परतले त्या मोहिमेत तुम्ही नव्हतात. "पप्पांना तळावर ठेवू, म्हणजे तेही वाचतील आणि आपणही," असं तिने ठरवलं होतं. मात्र तुम्ही येताय हे कळल्यावर काल तिने तुम्हाला पुन्हा चौघांत घेतलं. हातात बंदूक दिलेली नाही. औषधांची पेटी दिली आहे, आणि नावापुढे तिने स्वतः 'डॉ.' टाइप केलंय.