वाकणारी फळी

१४ जून, रविवार

फळी मधोमध दुमडली. लाटेच्या आतच! मी पोटावर आडवा, नाक खाली गेलं आणि तोंडात वाळू. अजून दातांत लागतेय.

पण त्याआधीचे काही क्षण — बास. साधी पायपो, म्हणजे पोटावर झोपून लाटेवर घसरायची आखूड फळी, आपटत जाते. ही फळी लाट वळेल तशी वळत होती.

दाजी तिला अजून पाटच म्हणतात. पाट जरा लांबवला की झाली. पोटाखाली घ्यायची, उभं राहायचं नाही. गेल्या वर्षी कोकणात होमस्टेवर भांडी घासत होतो, तेव्हा एका पाहुण्याने शिकवली. त्याची लाकडी होती. वाकणारी केली तर? — तेव्हापासून हे डोक्यात. दाजींच्या वाघोलीच्या शेडमध्ये बागेतल्या फायबरच्या घसरगुंड्या बनतात, त्याच मालातून त्यांनी ही बनवून दिली.

आज ताई आणि दाजी दोघेही किनाऱ्यावर आले होते. होड्या वर ओढून झाकलेल्या, दुसरं कोणी नाही. दाजींनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाण्यात पाय घातला आणि परत जाऊन बसले. ताईला तेवढंच पुरलं. लग्न ठरल्यापासून विहिरीतल्या उड्यांच्या गोष्टी ऐकतेय म्हणाली, आज काय झालं?

"विहीर जागेवर असती," दाजी म्हणाले. "हे पळतंय."

हसलो सगळे. दाजीही हसले. पण घाट संपेपर्यंत गाडीत पँटची वाळू झटकत होते.

२१ जून

नव्या फळीसाठी चपलेच्या सोलचा फोम आणायला बाहेर पडलो आणि मंडईत अडकलो. एक गिऱ्हाईक फणसाचा वास घेत उभं. घेईना, जाईना. फणसवाला म्हणाला, "वास न्या घरी, फणस राहू द्या." मग त्या दोघांची जुंपली ती बघत बसलो. परत आलो तर दाजींनी चपलांच्या कारखान्यातून फोम मागवलाही होता. नेहमीचंच माझं.

नवी फळी: वरखाली फायबरचा पातळ थर, मधे फोम. दोन टोकांना विटा ठेवून दाजी वर उभे राहिले. धनुष्यासारखी वाकली. उतरले, सरळ झाली. परत चढले. परत उतरले. चहा गार झाला तरी त्यांचं चालूच.

२८ जून

कोकण, एकटाच. चालली!! पुढचं टोक खुपसत नाही आता, उचललं जातं. लाट फुटताना कणा लवतो तशी लवते. पोटाला कळतं पाणी काय करणार आहे ते.

एकदा हातातून सुटली. मीही सुटलो. दोघांना लाटेने वेगवेगळं आणून वाळूत टाकलं. समुद्राचं हे बरं आहे, खेळून झालं की परत देतो.

दाजींना फोन केला. त्यांनी सगळं नीट विचारून घेतलं. शेवटी म्हणाले, आपल्याकडं अशी लाट असती तर.

८ जुलै

फळी घरात भिंतीला टेकवून ठेवली आहे. दमट हवेने असेल, थोडी वाकते, मान खाली घातल्यासारखी. ताई म्हणाली तिथून काढ, दिवा लावताना कोणीतरी मागे उभं असल्यासारखं वाटतं. काढायची राहिली.

१६ जुलै

धरणातून पाणी सोडलं. अर्धं पुणं पुलांवर उभं आहे, नदी पहिल्यांदाच बघत असल्यासारखं! मीही दुपारी तेच करत होतो, तेवढ्यात दाजींचा फोन. फळी घेऊन लगेच ये.

वाघोलीच्या खाली नदीवर एक ठेंगणा पूल आहे. तो पाण्याखाली गेलाय. पाणी त्याच्यावरून उतरतं आणि पलीकडे त्याची लाट होते. तपकिरी, कमरेएवढी. आणि ती हलत नाही. पाणी तिच्यातून पळतं, लाट तिथेच. बघत राहिलं की चक्कर येते.

"बघ," दाजी म्हणाले. "ही पळत नाय."

एक ओंडका वाहत आला. लाटेत शिरला, गोल फिरला, फिरतच राहिला. मग गेला एकदाचा. पुढे नदी वळते, तिथे पाणी निवांत आहे.

काठावर रंगराव म्हणून एक म्हातारे रोज बसतात. फळी कशासाठी ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं. ते म्हणाले, "अरे वा. म्हणजे नदीला आता माणसं बोलवायला जायची गरज नाही."

दाजींना ऐकूच गेलं नाही. ते लाटेकडे बघत होते. मला ते बघणं आवडलं नाही.

१७ जुलै

मी म्हटलं आधी मी जातो. दाजी ऐकेनात. समुद्र तुझा, नदी माझी म्हणाले. त्या दिवशी वाळूत बसले ते काही विसरलेले नाहीत.

पण कच्चं काम करणार नाहीत म्हणाले. त्यांच्या गावात पोराला पोहायला शिकवताना कमरेला दोर बांधतात आणि दोराचं टोक वर विहिरीच्या काठावर बाप धरतो. त्यांच्या वडिलांनी त्यांना असंच शिकवलं. दोरावर शिकलेलं पोर गावात कधी बुडालं नाही. तसंच करू. दोर काठावर मी धरायचा.

मला एकदम हलकं वाटलं. दोर म्हटल्यावर ताईचाही विरोध मावळला. मला मात्र तिने स्वयंपाकघरात गाठलं.

"सोडणार नाहीस ना?"

नाही म्हटलं.

१९ जुलै

निघतोय. पाणी कालच्यापेक्षा वर आहे. ताई येत नाही, बघवणार नाही म्हणते. दाजी अंगठ्या काढून देव्हाऱ्यात ठेवून आले.

२२ जुलै

हातांना पट्ट्या आहेत. पेन नीट धरता येत नाही.

फळी चालली. हे लिहायलाच हवं. दाजी कडेने आत शिरले, लाटेवर आडवे झाले आणि तिथेच राहिले — लाट हलत नाही, तेही हलत नव्हते, खालून नदी पळत होती. फळी त्यांच्या पोटाखाली लवत होती. हसत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "अभ्या, ढिला धरू नको."

मग घसरले. फळी एकटीच पुढे गेली. दोर ताणला, मी पाय रोवले. त्यांचं डोकं वर होतं, मग पाणी त्यांच्यावर चढायला लागलं. मी ओढलं. रंगराव आले, आणखी माणसं आली, सगळ्यांनी ओढलं. जितकं ओढलं तितके ते खाली. एवढा जोर लावूनही माणूस वर का येत नाही? दोर तळहातातून चामडं घेऊन गेला. मी सोडला नाही.

पाण्याचा जोर उतरल्यावर काठाला आणले, तेव्हा उशीर झाला होता.

फळी वळणावर काठाला लागलेली मिळाली. ओरखडासुद्धा नाही.

२५ जुलै

येणारा प्रत्येक जण माझे हात बघतो. गावाकडचे लोक एकमेकांना सांगतात — हाच तो, शेवटपर्यंत धरून होता. दाजींच्या आईने तर पट्ट्यांवर डोकं टेकलं.

३० जुलै

ताई तेव्हापासून माझ्याजवळ आली नव्हती. आज तिनेच पट्ट्या बदलल्या. फुंकर घातली. म्हणाली, "तू होतास म्हणून मी अजून उभी आहे. तू सोडलं नाहीस."

जेवलो. बऱ्याच दिवसांनी झोपही लागली.

२ ऑगस्ट

पुन्हा पाणी सोडलंय. कोणाला न सांगता गेलो. फळीच्या मधोमध, कमरेच्या जागी, दोर बांधला आणि लाटेत सोडली.

दोर धरून ठेवला. फळी दुमडली, पाणी वर चढलं, ती खाली गेली आणि खालीच राहिली. ओढली, आणखी खाली.

दोर सोडला. वर आली. तरंगत वळणावर गेली, काठाला लागली.

परत आणली. परत केलं. परत वर आली.