एकतिसावं घर

गुरु., ९ जाने.
सुट्टी. सकाळी आबांचा रेडिओ ऐकायचा स्कॅनर केबलने लॅपटॉपला जोडला. ऑनलाइन डेटाबेसमध्ये पुणे भागाची यादी आहे, 'ताजी' असं लिहिलंय. पोलीस, विमानतळ वगैरे काढून टाकलं, ते ऐकायचं नसतं. फक्त हौशी रेडिओवाल्यांच्या फ्रिक्वेन्सी ठेवल्या. अठ्ठावन्न. चढत्या क्रमाने लावल्या, नावं दिली, स्कॅनरमध्ये राइट केलं. चौतीस सेकंद.
"झालं, आबा. आता सगळं लागेल."
त्यांनी बटण फिरवलं. सात टिक. थांबले. परत पहिल्यापासून सात.
"हितं हे काय घातलंस गं?"
मी स्क्रीनकडे बघत होते. त्यांना स्क्रीन दिसत नाही. काचबिंदू, तीन वर्षं झाली. ते टिक मोजतात. सेहेचाळीस चॅनेल त्यांनी डोळे असताना स्वतःच्या हाताने लावले होते, एकेक करत, वीस वर्षांत. 'घरं' म्हणतात. सगळी गेली. मी आधी रीड, म्हणजे स्कॅनरमधलं लॅपटॉपवर उतरवून घेणं, केलंच नव्हतं.
चाकणला कंपनीत माझ्या टेस्ट बेंचवर कागद चिकटवलेला आहे. आधी रीड, मग सेव्ह, मग राइट. अक्षर माझंच.
आबांनी स्कॅनर बंद करून रुमालाने पुसून ठेवला.

शुक्र., १०
सातची हजेरी चुकली. भोसरीचे बाळूतात्या रोज सकाळी सातला रेडिओवर सगळ्यांची हजेरी घेतात. आबांकडे परवाना नाही, त्यामुळे ऐकता येतं, बोलता येत नाही. तरी शेवटी तात्या म्हणतात, "आबा, तुमाला धरलंय आमी." मग आबा तात्यांच्या मोबाइलवर एक मिस्ड कॉल देतात. ती त्यांची 'हजर'. आजारपण सोडलं तर कधी चुकलेली नाही.
आज डेटाबेसमधल्या फ्रि.वर नुसती खरखर. यादी जुनी निघाली.
सव्वासातला तात्यांचा फोन. "आबा बरं हायेत ना?"
सांगितलं.
"सगळं पुसलं?"
"सगळं."
"लई शिकलीस बाई." मग हसले. हजेरीची खरी फ्रि. तोंडपाठ सांगितली. कंपनीची बस चुकेल म्हणून मी घाईत फोन ठेवला. आभार राहिले.

शनि., ११
काल आल्यावर सातव्या घरात हजेरी भरली. या वेळी आधी रीड.
सकाळी सातला आवाज स्वच्छ. हजेरी संपताना तात्या: "आबांची घरं पुसली ग्येलीत. कुनी पुसली ते इचारू नका, इंजिनियर हाय." लोक हसले. मग म्हणाले, "ज्यानं त्यानं आपली जागा सांगा. आबा, तुमाला धरलंय आमी."
आबांनी मिस्ड कॉल दिला. मग चहा मागितला. दोन दिवसांत पहिल्यांदा.
एकेक जण आपली फ्रिक्वेन्सी सांगत गेला. यातल्या एकानेही आबांचा आवाज कधी ऐकलेला नाही. मी लिहून घेत होते. बस चुकली. पीएमपीच्या बसने गेले, चाळीस मिनिटं उशीर. पगार कापला तर कापू दे.

मंगळ., १४
पद्धत बसली. आबांना आकडे आठवत नाहीत, पण कोणत्या घरात कोण ते सगळं आठवतं. "बाराव्यात जगताप. सतराव्यात त्यो साताऱ्याचा, खोकतो त्यो." लोकांना आपलं घर माहीत नाही, आकडा माहीत आहे. दोन रकाने समोरासमोर लावले. अडतीस जमले, सात नावांचे आकडे नाहीत.
आई तिळगूळ देताना: "बायकोशी गोड बोला म्हटलं तर 'हां'. तो डबा खरखरला तरी यांना गोड लागतो."
आबा: "डबा उलटून बोलत न्हाई."
आई हसली. मीही.

गुरु., १६
सांगवीहून भोसरी, तात्यांचं वर्कशॉप. गुरुवार, लेथ बंद, शटर अर्धं खाली. उरलेल्या सातांपैकी पाच जण आता रेडिओवर नसतात. दोन वारले. तात्यांच्या जुन्या वहीत सगळ्यांचे आकडे सापडले, ग्रीसचे डाग पडलेले.
विचारलं, वारलेल्यांची घरं घालू का. कोणी बोलणार नाही तिथे.
"घाल की. मानूस ग्येला म्हून घर मोडत न्हाईत."
"तात्या, थँक्यू." मी असंच म्हणाले, इंग्रजीत. मराठीत जमलं नाही.
"मला कशाला? आबांनी मला उभ्या जन्मात बरं-वाईट काय सांगितलं न्हाई. पर रोज ऐकतोय कुनीतरी, ह्येच्यावर मी हजेरी घेतो."

शुक्र., १७
सगळी भरून राइट केलं. आबांनी एकापासून तपासायला घेतलं. प्रत्येक घराचा आवाज नाहीतर खरखर ओळखून मान हलवायची, पुढचा टिक. तिसापर्यंत बरोबर. मग थांबले.
"हितनं पुढं समदी एक घर अलीकडं सरकलीत."
मोजलं. माझ्याकडे पंचेचाळीसच. तक्त्यात ३१ची ओळ कोरी होती, आणि मधली कोरी ओळ हे सॉफ्टवेअर गाळून टाकतं. आकडा हवाच, नाहीतर खालचे वर सरकतात.
"३१ला कोण होतं?"
"कोनी न्हाई. मोकळं ठिवलं व्हतं."
"का?"
आबा बटण पुसायला लागले. आई आतून म्हणाली, "तुझं होतं ते. चौथीत असताना म्हणाली होतीस ना, मोठी झाल्यावर मीपण यावर बोलणार."
मला आठवत नाही. खरंच आठवत नाही.
आबा: "म्हणली व्हतीस. नंतर तुझा अभ्यास, नोकरी. मी काय इचारलं न्हाई. ऱ्हाऊ दे, एक घर सरकलं तर सरकलं. शिकीन पुन्हा मोजायला."
मी नको म्हणाले. सरकू देणार नाही.

रवि., १९
काल तात्यांना फोन. हौशी परवान्याची परीक्षा कशी असते विचारलं.
"कुनासाठी?"
"माहिती म्हणून."
"बरं. माहिती म्हून सांगतो." सगळं सांगितलं. शेवटी, "माहिती लागली तर वर्कशॉपात पुस्तक बी हाय."
फॉर्म डाउनलोड केला आहे. भरलेला नाही. आबांना सांगितलेलं नाही.
३१मध्ये सध्या एक आकडा टाकला. तात्यांच्या वहीत त्यापुढे कोणाचंच नाव नाही. सॉफ्टवेअरने चॅनेलचं नाव मागितलं. बराच वेळ कर्सर लुकलुकत होता. रिकामं सोडलं, नाव नसलेलं चालतं.
रीड. सेव्ह, दोन ठिकाणी. राइट.
आज हजेरी झाली, मिस्ड कॉल गेला. मग आबांनी एकतीस टिक मोजले. बारीक खरखर.
"हितं काय घातलंस?"
"सध्या काही नाही."
"हां."
पुढचा टिक. बत्तीस. नाशिकचे काका बोलत होते, जागच्या जागी. आबांनी मान हलवली. काका बोलतच होते, आणि आबा एक टिक मागे आले.