मधलं भांडं

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी प्रयोगशाळेत काही बिनसलं की मी अजून दाराकडे बघते. ठाण्यात खोपटला तुमच्या घरातला तो दिवस आठवतो. काकू माहेरी गेल्यात आणि तुम्ही आम्हा विद्यार्थ्यांसाठी साबुदाण्याची खिचडी करताय. माझी प्रक्रिया काचेच्या चंबूत पहिल्यांदाच जमलीय. मी फुशारकीने म्हणते, "सर, आता थेट कारखान्यात नेऊ या." तुम्ही झारा घेऊनच वळलात. "अगं, चौघांची खिचडी जमली म्हणून लग्नाचं जेवण रांधायला निघालीस? लहान भांड्यातली आच बाहेर निघून जाते, मोठ्यात आतच कोंडते. मधलं भांडं चुकवू नकोस." मला राग आला होता. खिचडीचा मात्र गिच्च गोळा झाला होता, हे आज सांगून टाकते.

त्याच प्रक्रियेला आता सरकारी अनुदान मिळालंय. विद्यापीठातलं संशोधन कपाटात सडू नये, कारखान्यात उतरावं, अशी योजना आहे आणि ती चांगलीच आहे. तुम्ही पेढे वाटले असतेत. पण वर्षाच्या आत प्रक्रिया कारखान्यात चालवून दाखवायची अट आहे, आणि यंत्रंच उशिरा आली. म्हणून आम्ही मधल्या भांड्यातली चाचणीच गाळली. उद्या सकाळी डोंबिवलीच्या कारखान्यात थेट मोठं भांडं चालू होणार. आज त्याला हळदकुंकू लावून नारळ फोडला. मी मालकांना म्हटलं, थोडं थांबू, आच किती चढते ते मधल्या भांड्यात बघू. ते हसले. "मॅडम, टेन्शन कशाला घेता? पाहुणे येतायत, मांडव घातलाय. आणि निधी परत गेला तर तुमच्या लॅबमधली पोरं काय करणार?" मी नारळाचा प्रसाद घेतला. कुंपणाला लागून इमारती आहेत. गॅलऱ्यांत कपडे वाळत होते, वरून कुणीतरी भाजीवाल्याला हाक मारत होतं. भांडं फुटलं तर, या विचाराने धडकी भरलीय, सर. कदाचित काही होणारही नाही. बहुतेक वेळा होत नाही, आणि त्यानेच माणूस सोकावतो.

हे पत्र टाकायचं कुठे, म्हणून तर मोकळेपणाने लिहितेय. कुंपणालगतच्या त्याच इमारतींपैकी एकीत माझी लेक राहते. दुपारी तिला फोन करून म्हटलं, "उद्या सकाळी लवकर बाळाला घेऊन ठाण्याला ये, पुरणपोळ्या करतेय."

"अगं आई, मधेच कुठला सण?"

"सहज गं. ये."

"बरं. शेजारच्या काकूंना आणू का? एकट्याच असतात."

मी नको म्हटलं. पुरण कमी पडेल म्हणून सांगितलं.