तांडेलाच्या तोंडचं वाक्य

प्रिय रेजी,

उद्या सकाळी आपल्या चित्रकथेचं, ‘अंधारपाग’चं, नवं प्रकरण लोकांसमोर जाईल. तू गेल्यानंतरचं पहिलं. वाचणारे केव्हापासून विचारतायत, दोराला बांधलेल्या त्या छोट्या यानाचं पुढे काय झालं? त्यांना कळायच्या आधी तुला कळायला हवं. तू असतीस तर तुमच्या माडीवरच्या खोलीत पंखा फुल करून, तुझ्या अंगावर पाय टाकून सांगितलं असतं. आता लिहूनच सांगावं लागतंय.

पण आधी मी तुझ्याशी भांडणार आहे. मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. म्हणोत बापडे!

माझा बाप तू माझ्याच हातून रंगवून घेतलास ना गो?

आठवतं, जपान्यांसारखी चित्रकथा, मांगा, काढायचं तुझ्या डोक्यात आलं तेव्हा मी हसले होते? दिवसा तू बंदरावरच्या स्कुबावाल्यांचे बोर्ड रंगवायचीस, मी दुकानात बसून लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचे. आपण कसली मांगा काढणार! तू म्हणालीस, “चित्रां मी काढतंय. तू काळोख भर आणि अक्षरां लिव.” म्हणून गेली चार वर्षं मी काळोख भरतेय. पानामागून पान, नुसतं काळं आकाश.

काय जग रचलं होतंस! सगळे सूर्य विझत आलेले. उरलासुरला उजेड माशांच्या थव्यासारखा अवकाशात फिरतो आणि माणसं यानं घेऊन जाळी टाकायला जातात. त्या काळोखात गिळे राहतात. गिळा माणसाचं शरीर खात नाही, नाव खातो. मग घरच्यांनाही ते माणूस आठवत नाही. चर्चच्या फादरनी तुला थांबवून विचारलं होतं, “बाय, तुज्या गोष्टीत एकय बरो माणूस कित्याक नाय?” तू म्हणालीस, “येतलो फादर, वाट बघा.” आणि घरी येईपर्यंत आपण रस्त्यात पोट धरून हसत होतो.

आणि तो तांडेल. आपल्याकडे मासेमारी बोटीच्या म्होरक्याला म्हणतात तेच नाव तू अवकाशातल्या कप्तानाला दिलंस. मुखवटा घालणारा, कमी बोलणारा. वाचणाऱ्यांना तो सगळ्यांत आवडायचा. मलाही. मी त्याचे बूट किती प्रेमाने काळे केलेत!

मग तू शेवटची पानं पाठवलीस. मोठं यान, मागे दोराने ओढत आणलेलं बंद पडलेलं छोटं यान, पुढे वादळ. शेवटून दुसऱ्या पानावर तांडेल पाठमोरा, एक पाय उचलून दुसऱ्या गुडघ्यावर टेकवलेला. बगळ्यासारखा.

जगात असा उभा राहणारा एकच माणूस मला माहीत आहे. तो त्या वेळी आमच्या दारातल्या खळ्यात जाळं शिवत होता.

शेवटच्या पानावर दोर कापलेला. तुटलेला नव्हे, कापलेला. टोक कसं सरळ काढलं होतंस! आणि तांडेलाच्या तोंडासमोर बोलण्याचा फुगा. रिकामा.

 गावात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट अशी. तुझे बाबा, इनासकाका, एकटेच होडी घेऊन गेले होते. इंजिन बंद पडलं. माझ्या बापाची, दादाची, ट्रॉलर परत येत होती, त्याने होडीला दोर लावून ओढत आणायला घेतलं. वाटेत वारा उलटला आणि दोर तुटला. “दोर तुटलो,” दादा किनाऱ्यावर उतरून एवढंच म्हणाला. होडी पुढे वेंगुर्ल्याच्या बाजूला लागली. काका कधीच सापडले नाहीत. तेव्हा आपण प्राथमिक शाळेत होतो. मी तुझ्या शेजारी बसायला लागले ती त्यानंतर.

मी तुला फोन लावला. “रेजी, काय गो ह्या?”

तुझा आवाज बसला होता. “वेंगुर्ल्याक होडी वळखूक मांयबरोबर मी गेललंय ना? दोराचा टोक मी बघललंय, मानशे.”

“मगे इतकी वर्सां बोलाक कित्या नाय?”

“काय बोलतलंय? तुज्या बापाशीक कोण विचारतला? मी?” मग तू म्हणालीस, “फुगो रिकामो सोडललो आसा. तो काय बोललो ता माका म्हायत नाय. तू विचार.”

“आणि मी विचारूक नाय तर?”

“तर रिकामोच जावंदे.” मग तू खोकलीस. “माका ताप आसा गो. उद्या बोलूया.”

उद्या तू ओरोसच्या दवाखान्यात होतीस, परवा गोव्याच्या. लेप्टो, म्हणाले. पावसाळ्यात इथे कुणाच्या ना कुणाच्या घरी येतोच तो ताप. तुझ्याच घरी का यावा? काचेच्या दाराबाहेरून मी तुला हात केला. तुला दिसलं का?

नाही ना सांगू शकणार. ठीक आहे.

फोन ठेवल्या ठेवल्या मी दादाकडे गेले होते, हे तुला कळायचं राहिलंच. तू अजून माडीवर तापात पडलेली होतीस तेव्हाची गोष्ट. टॅबलेट त्याच्या जाळ्यावरच ठेवला. “दादा, ह्या बघा.”

त्याने पाहिलं. हातातली जाळं विणायची सुई थांबली. “कोणी काढल्यान?”

“रेजीन. दादा, खरां सांगा.”

“दोर तुटलो. सगळ्या गावाक म्हायत आसा.”

“टोक सरळ होता.”

“माका शिकवतंस?” तो ओरडला. माझ्यावर असा तो कधी ओरडला नव्हता. “पुसून टाक ता! आणि त्या चेडवाक सांग, आमच्या घराकडे पाय ठेवचो नाय!”

रेजी, त्या वेळी मला तुझा राग आला, त्याचा नाही. तू आमच्या ओसरीत बसून त्याच्या हातचं बांगड्याचं तिखलं बोटं चाटून खायचीस. तो तुला तुकडी जास्त वाढायचा. आम्हाला वाटायचं, बिनबापाची पोर म्हणून. ते खाताना तुझ्या घशाखाली कसं उतरत होतं गो?

तुझ्या मातीला सगळा गाव आला. दादाही आला, पण चर्चमध्ये आला नाही. सिमेट्रीच्या दगडी गडग्याबाहेर उन्हात उभा राहिला, दोन्ही पायांवर. मी त्याच्याकडे बघत होते. तुला पुरत होते आणि मी त्याच्याकडे बघत होते. ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

मग घरात बोलणंच बंद झालं. तो जेवायचा, उठायचा. मी ताट उचलायचे. मी आमच्या खोलीत कॉम्प्युटरवर ते शेवटचं पान उघडून ठेवलं आणि बंदच केलं नाही. मुद्दाम. येता-जाता त्याला दिसेल असं.

एका दुपारी मी दुकानातून लवकर आले, तर तो त्या पानासमोर बसलेला. मी दारातच थांबले. त्याने मान वळवली नाही.

“वारो उलटो फिरलो,” तो म्हणाला. “तेची होडी पाण्यान भरली. जड झाली. आमच्या बोटीची पाठ खाली बसाक लागली. बोटीर आमी पाच जण. मी वराडलंय, इनास, उडी मार, दोराक धर! तेका आयकाक गेला काय नाय, देवाक म्हायत. तो होडी सोडीना. पाणी आमच्या इंजिनापर्यंत इला. मगे मी कोयतो घेतलंय.”

बोटीवरच्या बाकीच्या चौघांनी तोंडं शिवून घेतली. त्यांचेही जीव त्याच कोयत्याने वाचले होते.

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मी विचारलं, “कापताना काय बोललात?”

“मी बोललंय असा कोणी सांगल्यान तुका?”

“तोंडासमोर फुगो आसा, दादा.”

तो त्या फुग्याकडे बघत राहिला. मग अगदी हळू, वाचून दाखवल्यासारखं बोलला. “‘देवा, आता माज्याकडे बघू नको.’ इतक्याच.”

मी तिथेच, त्याच्या खांद्यावरून हात घालून ते वाक्य टाइप केलं. त्याने अडवलं नाही. वाचलं आणि उठून शर्ट घातला. “चल,” म्हणाला. “इनासाच्या घराकडे.”

मी घाबरले गो! तुला मातीत ठेवून फार काळ झाला नव्हता. तुझ्या मांयला आणखी हे ऐकवायचं? मी त्याचा हात धरला. “दादा, आज नको. तिका झेपूचा नाय.”

“माका झेपणा नाय,” तो म्हणाला. “तू येतंस काय ऱ्हवतंस?”

मांय व्हरांड्यात पाटावर बसून डाळीतले खडे निवडत होती. दादा पायरीवरच उभा राहिला, वर चढला नाही. “वयनी, दोर तुटाक नाय. मी कापलंय.”

मांयची बोटं डाळीत तशीच राहिली. मला वाटलं ती किंचाळेल, सूप फेकेल, पडेल. तिने विचारलं, “जितो होतो?”

“होय.”

“तुज्याकडे बघी होतो?”

“होय, वयनी.”

“मगे?”

“हात वर केल्यान.”

“कसो?”

दादाने उजवा हात खांद्याच्या वर नेला, पंजा उघडा. भर उन्हात तो तसाच उभा. मांय त्या हाताकडे बघत होती.  शेजारच्या घरातला मिक्सर तेवढा वाजत होता.

“थांब म्हणी होतो, काय जा म्हणी होतो, माका आजून समाजला नाय,” दादा म्हणाला.  “तू तेका वळखी होतंस. तू सांग, वयनी.”

मांयला ते माहीत होतं असं मला अजून वाटतं. तिच्या ओठांपर्यंत काहीतरी आलं होतं.

“तुका बरा वाटात असा मी कायएक सांगूचंय नाय, बाबल,” ती म्हणाली. “इलंस, बोललंस. आता जा. ह्या पायरीर परत येव नको.”

दादाने हात खाली घेतला आणि वळला. मीही त्याच्या मागे निघाले, तर मांयने हाक मारली. “तू खंय जातंस? तू बस. माज्या चेडवान काय काढल्यान ता दाखय माका.”

मी बसले. टॅबलेटवर तिला पानं दाखवली. तुझी मांगा तिने कधी उघडूनही पाहिली नव्हती, भुताखेतांची म्हणून. कापलेल्या दोराच्या पानावर आल्यावर तिने टोकावर बोट ठेवलं, डाळीची धूळ लागलेलं बोट.

“ह्या टोक मियांय बघललंय,” ती म्हणाली. “त्याच दिसाक. रेजी ल्हान होता म्हणान गप ऱ्हवलंय. तेका समाजात म्हणान भियालंय. सगळी वर्सां भियालंय.” मग तिने मला विचारलं, “तेणीय बघलेला? खरांच?”

मी तिला होय म्हटलं.

तेव्हा ती रडली, रेजी. तुझ्या मातीला रडली नव्हती तशी. तुम्ही दोघी एकाच घरात, एका ताटाशेजारी दुसरं ताट घेऊन जेवत होता आणि दोघींनी तीच गोष्ट एकमेकींपासून जपली! तिला कळू नये म्हणून तू, तुला कळू नये म्हणून ती. काळोख भरायचं काम माझं होतं ना? मग तुम्ही दोघी हे कधीपासून करत बसला होता?

दादा आता समुद्रावर जातो, येतो. पायरीवरचं बोलणं शेजाऱ्यांनी ऐकलं आणि गावभर झालं; बंदरावर काहीजण त्याच्याशी बोलत नाहीत. त्याचे तेव्हाचे खलाशी तर मुळीच नाहीत, कारण आता लोक त्यांनाही विचारतात. तो म्हणतो, ठीक आसा. मांयने त्याला माफ केलेलं नाही आणि मी कधी तसं सुचवलेलंही नाही. मी त्याच्यासोबत जेवते. तुझ्यासाठी मी त्याला टाकायला हवं होतं का? मी रोज हे विचारते. माझ्याने होत नाही, रेजी. तो माझा बाप आहे, आणि त्या दिवशी तो परत आला नसता तर बिनबापाची मी असते.

प्रकरण लोकांपुढे जाऊ दे, असं मांयनेच काल सांगितलं. मी दादालाही विचारलं. “जावंदे,” म्हणाला, आणि जाळं खांद्यावर टाकून गेला.

वाचणारे आता मागे लागतील, पुढच्या प्रकरणात तांडेलाला गिळ्याच्या तोंडी द्या म्हणून. तुझंही तसंच ठरलं होतं, तुझे कच्चे आराखडे मी पाहिलेत. तेवढं मी तुझं ऐकणार नाही. मी त्याला मरू देणार नाही आणि सोडवणारही नाही. तो यान घेऊन घरी येईल आणि बायकामाणसांसमोर उभा राहील. आणि त्यानंतर मी मागे राहिलेलं छोटं यान काढीन. दोर सुटल्यावर त्या माणसाने काय केलं ते. आपण कुणीच तिकडे पाहिलं नाही गो. तूही दोराच्या टोकाशी थांबलीस.

मला तुझ्यासारखं काढता येत नाही. पण रविवारी चर्चमधली मीसा झाल्यावर मी तुमच्या माडीवर काढायला जाते. मांय खुर्ची ओढून शेजारी बसते. गेल्या खेपेला म्हणाली, “नाक असा नाय होता इनासाचा. वायच बसका होता. पूस आणि परत काढ.” मी पुसलं. परत काढलं. ती म्हणाली, “आजून नाय.”

तिच्या तोंडून ‘होय’ येईपर्यंत मी काढत राहीन, रेजी. हे वचन.

तुझ्यावर अजून रागावलेली,
मानशी