फिरवणारा घटक

ताई,

आज गणिताच्या व्याख्यानात तू म्हणालीस, हे दोन्ही उपगट संयुग्मी आहेत. गटातल्याच एका घटकाने फिरवला की पहिल्याचा दुसरा होतो. मी विचारलं, "तो घटक आपल्या संख्यांच्या स्थानिक क्षेत्रातच आहे, की बाहेरच्या मोठ्या क्षेत्रात?" बाहेरचा असेल, तर तुझी सिद्धताच कोसळते. तू हसून फळा पुसलास. "घरी ये, सांगते."

संध्याकाळी घरी मी विषय काढला, तर तू चहा पुढे केलास. तेव्हाच वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. निघताना हळूच म्हणालीस, "गप्प बस गं. तुझाही प्रबंध याच सिद्धतेवर उभा आहे."

म्हणजे तो घटक बाहेरचा आहे, हे तुला ठाऊक होतं!

तुला आधी कळवलं तर तू मला वळवशील, म्हणून हे पत्र धाडत नाही. उद्या मी प्रबंध मागे घेतेय. विद्यापीठात कारण विचारतीलच.

तुझीच,
धाकटी