वॉलरसची झोप आणि साहेबांची होडी

ती. साधनावन्सं यांस,

कापेलहून मंजूषाचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे जमलं तेवढंच वाकले). नाशकात उन्हाळा कसा आहे? तुमची तब्येत बरी असेल. तुमचा भाऊ सुबोधही बरा आहे. दोन वेळा जेवतो. माझ्याशी बोलत नाही, एवढंच. त्याचं असं झालं.

मागच्या मंगळवारी आमच्या घरामागच्या नदीच्या धक्क्यावर एक वॉलरस येऊन झोपला. (म्हशीला सुळे लावा आणि तुमच्या राघवरावांच्या मिशा. हे त्यांना वाचून दाखवू नका.) उत्तरेच्या समुद्रावरचं बर्फ वितळतंय. हे प्राणी त्यावरच विसावतात. टेकायला जागा मिळेना, म्हणून हा पोहत पोहत थेट हॉलंडात, आमच्या कापेलला! प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फार दमलाय. झोप मिळाली तर परत जाईल. सारखा उठवलात तर मरेल." मग मी स्वयंसेवकांचं नारिंगी जाकीट चढवून पहाऱ्याला उभी राहिले. दोन पोरांची दुपारची झोप राखलेली बाई मी, मला काय अवघड? सेल्फीवाले, कुत्रेवाले, त्याला हेरिंग मासे भरवायला आलेल्या एक आजी, सगळ्यांना शंभर मीटर मागे रेटलं.

शुक्रवारी संध्याकाळी स्वारी कूस बदलून शेजारच्या पांढऱ्या होडीत चढली. होडी कलंडली. मालक झाडू घेऊन धावत आले. बघते तर सुबोधचे साहेब! मागे सुबोध.

"माझी होडी आहे ती!" साहेब ओरडले.

"असेल. पण तो झोपलाय."

"मंजू, अगं साहेब आहेत!"

"साहेबांनीही शंभर मीटर लांब."

त्यांनी झाडू उगारला, मी तो हिसकावला आणि चिखलात दाणकन बसले. वॉलरसने एक डोळा उघडला, ढेकर दिली आणि पुन्हा घोरू लागला. पहाटेपर्यंत होडी तळाला गेली. हा परत धक्क्यावर. रविवारी ओहोटीबरोबर तो समुद्राकडे निघाला. तो दिसेनासा होईपर्यंत मी उभी होते. खोटं कशाला सांगू, रडले.

घरच्यांना नमस्कार.
तुमची,
मंजूषा

ता. क. सुबोध तुमच्याशिवाय कुणाला भीत नाही. जुलैत उत्तरेकडच्या एका बेटावर वॉलरसांच्या राखणीला पंधरा दिवस माणसं हवी आहेत. मंजूला जाऊ दे, पोरं तू सांभाळ, असं त्याला फोनवर सांगाल का?

आणखी ता. क. नाव मी आधीच दिलंय. पर्यटकांना दरडावून मागे हटवणारी आणखी एक बाई हवी, असं तिथल्या लोकांनी लिहिलं होतं. वाचल्याबरोबर तुमचंही नाव देऊन टाकलं.